तासाला एकशे आठ चादरी

४ मार्च

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पाकीट पाहून दचकू नकोस, आई बरी आहे. फोनवर बोलायचं म्हटलं की ती स्पीकर लावायला लावते, शेजारी येऊन बसते आणि माझ्या आधी तीच उत्तरं देते. म्हणून लिहायला बसले.

कामाचं विचारायचं आहे. आमची धुलाई हिवाळ्यात विकली गेली हे मी तुला सांगितलं नव्हतं बहुतेक. नवे मालक मोठे आहेत, त्यांच्या म्हणे अशा सात धुलाया आहेत. पाटी बदलली, गणवेश बदलला, चहाची किटली गेली आणि तिथे नाणं टाकायचं यंत्र आलं. काम तेच. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. आम्ही धुतो, वाळवतो, रोलरमधून काढतो, घड्या घालतो. तू कधी आत आलाच नाहीस म्हणून सांगते, रोलर म्हणजे खोलीएवढी रुंद इस्त्री समज. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं ताणून तोंडाशी धरायची, तो ओढून घेतो, पलीकडे कोरडी चादर बाहेर पडते. माझ्या जोडीला शिडी असते. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येतं. वरच्या फळीवरचं काहीही ती स्टुलाशिवाय काढते, म्हणून शिडी. बारा वर्षं आम्ही एका चादरीची दोन टोकं धरून आहोत. नवऱ्याचा चेहरा मी तेवढा वेळ पाहिला नाही.

फेब्रुवारीत एक माणूस घड्याळ आणि कागद घेऊन आला होता. त्या दिवशी मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. शिडीसोबत मुकादमीण उभी राहिली. सकाळची वेळ, हवा गार, दोघी ताज्या, आणि साहेब बघतायत म्हटल्यावर दोघींना हुरूप आलेला. त्याने वीस मिनिटं मोजलं आणि गेला. काल भिंतीवर कागद लागला. एक एप्रिलपासून प्रत्येक जोडीने तासाला एकशे आठ चादरी काढायच्या. आम्ही नव्वद काढतो, आणि त्यातच संध्याकाळी खांदे वर जात नाहीत. आकडा गाठला नाही तर कामगिरी भत्ता नाही. हा भत्ता म्हणजे आमच्याच पगाराचा तुकडा, कापून त्याला नवं नाव दिलेलं.

तू कारखान्यांना सल्ला देणाऱ्या ऑफिसात आहेस. हा आकडा येतो कुठून आणि त्यावर काही बोलता येतं का, एवढं सांग. उगाच वाद घालायला नको वाटतं. पण पगार आताच वीस तारखेला संपतो, त्यातून आणखी कापला तर काय करायचं ते सुचत नाही.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

ताई


१५ मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, ऑफिसात वर्षअखेरची धावपळ आहे.

हे आकडे हवेतून काढत नाहीत. आधी प्रत्यक्ष काम मोजतात, मग त्यात उष्णता, उभं राहणं, वजन उचलणं, पाणी पिणं, बाथरूमला जाणं या सगळ्यासाठी ठरावीक सूट मिळवतात आणि मग आकडा ठरतो. पद्धत शास्त्रीय असते. सुरुवातीला जड जातं, नंतर हात बसतो, असा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे.

तू कशावर सही करू नकोस. कुणी पुढे हो म्हणालं तरी होऊ नकोस. एकोणीस वर्षं झाली तुला तिथे, नव्या मालकांना जुनी माणसं नकोच असतात. आईचं ऑपरेशन व्हायचंय हे डोक्यात ठेव.

मला बढती मिळाली आहे, फोनवर सांगायचं राहिलं. आता बाहेर फिरावं लागत नाही, टेबलावरच काम असतं. या महिन्यापासून थोडे जास्त पैसे पाठवीन.

पायात रबरी तळाचे बूट घालत जा. एवढा वेळ सिमेंटवर उभं राहणं चांगलं नाही.

तुझा,
धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

बढतीचं आईला वाचून दाखवलं. तिने समोरच्या दोन्ही बिऱ्हाडांत स्वतः जाऊन सांगितलं. एरवी जिना उतरायचा म्हटलं की तिचे गुडघे दुखतात.

तुझं उत्तर दोनदा वाचलं. चांगलं लिहिलंयस, पण मी विचारलं त्याचं उत्तर त्यात कुठे आहे ते सापडलं नाही. ती सूट आमच्यात किती धरली हे कळेल का? कारण मला ती कुठे दिसत नाही. काल पहिला दिवस होता. आमची जोडी चौऱ्याण्णववर अडली. मशीनच सारखं थांबतं. तोंडाशी एक आडवी दांडी आहे, हाताचा धक्का लागला की रोलर बंद. ओली चादर गोळा होऊन दांडीला टेकली तरी बंद. मग बटण दाबा, तापमान चढायची वाट बघा, दोन मिनिटं गेली. तोवर वरचा दिवा लाल होतो आणि काचेमागून मॅनेजर मान वर करून बघतो. माणूस वाईट नाही तसा, त्यालाही वरून कुणी बघत असणार. पण दिवसातून वीसदा कुणी तुमच्याकडे मान वर करून बघितलं की आपण चोर आहोत असं वाटायला लागतं. शिडीने काल दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं. म्हटलं का गं, तर म्हणे, "प्यायलं की जावं लागतं."

बायकांनी एक अर्ज लिहिलाय. म्हणजे लिहिला मीच, मला सगळ्या मास्तरीण म्हणतात ते त्यासाठीच. फार काही मागितलं नाही. आकडा कमी करा, दर दोन तासांनी दहा मिनिटं बसू द्या, आणि पगार असा द्या की एका नोकरीत घर चालेल. चौसष्ट बायकांपैकी एकेचाळीस जणी इथून सुटून दुसरीकडे कामाला जातात, मी हात वर करायला लावून मोजलं. शिडी तीन घरांच्या इस्त्र्या करते. दिवसभर इस्त्री, मग परत इस्त्री. ती हसून सांगते, म्हणून ऐकवत नाही.

तू सही करू नकोस म्हणालास. पहिली सही माझी आहे.

ताई


१२ एप्रिल

ती. ताईस सा. न.

पैसे पाठवले आहेत. मिळाल्याचं कळव.

सही करायला नको होतीस, पण आता केलीस. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेव आणि मूळ देताना पोचपावती घे. सूट किती धरली ते असं बाहेरून कळत नाही. ते कागद गोपनीय असतात.

थोडं सबुरीने घे. सहा महिन्यांनी हे आकडे पुन्हा तपासतात, तेव्हा कदाचित बदलेल. शिडीला पाणी प्यायला सांग, मूत्रपिंडाला त्रास होईल.

धाकटा


९ मे

धाकट्या,

तुझे पैसे मिळाले. कळवायला उशीर झाला, कारण मध्ये बरंच झालं आणि हात लिहायला उचलत नव्हता.

एप्रिलच्या चोवीस तारखेला शिडीचा हात रोलरमध्ये गेला. उजवा. चादरीची किनार दुमडली होती, ती सारखी करायला तिने बोटं पुढे नेली, आणि रोलरने चादरीसोबत तिलाही ओढलं. मनगटापर्यंत. लाल बटण माझ्यापासून तीन पावलांवर आहे. ती तीन पावलं मी अजून चालते आहे असं वाटतं. ती ओरडली नाही. मला आवाज आला तो मुकादमिणीचा. शिडी नुसती म्हणत होती, "बंद कर, बंद कर गं," जसं काही गॅसवरचं दूध उतू जातंय.

दोन बोटं काढावी लागली. तळहाताची कातडी मांडीची लावणार आहेत. दवाखान्यात तिच्या अंगावरची चादर आमच्याच धुलाईची होती, कोपऱ्यात आमचा शिक्का. मी ती उलटी करून घातली.

आता कंपनी म्हणते, तिचीच चूक. दांडी कापडाच्या पट्टीने वर बांधलेली होती, म्हणून मशीन थांबलं नाही. उजव्या बाजूला ती उभी होती, उजव्या बाजूला बांधलेली होती, म्हणजे तिनेच बांधली. सुरक्षेचा नियम मोडला, म्हणून भरपाई नाही, उपचाराचा खर्च नाही, आणि बरी झाली की नोकरीही नाही. कुणी बांधली ते कोण सांगणार? सगळ्यांचेच हात घाईत असतात. जूनमध्ये कामगार अधिकाऱ्यापुढे चौकशी आहे.

महिनाभर तुझा फोन आला तर आईशी बोलून ठेवून देतोस. ताई आहे का, असं विचारत नाहीस. धुलाईतल्या बहिणीची लाज वाटायला लागली असेल तर तसं सांग. मला राग नाही येणार. फक्त सहा महिन्यांनी आकडे तपासतात असं पुन्हा लिहू नकोस. शिडीची बोटं सहा महिन्यांनी येणार नाहीत.

ताई


१७ मे

ताई,

लाज वाटते, पण तुझी नाही.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आईला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, तुला वाटेल तसं कर.

तुझ्या धुलाईचा आकडा मी ठरवला. घड्याळ घेऊन आलेला माणूस आमच्या ऑफिसचा होता. त्याने मोजून आणलेले कागद माझ्या टेबलावर आले. त्यावर नाव नव्हतं, फक्त "केंद्र चार, रोलर" असं लिहिलेलं. एका चादरीला तीस सेकंद. त्यात उष्णतेची, उभं राहण्याची, ओल्या वजनाची मिळून बावीस टक्के सूट मी स्वतः मिळवली होती. तासाला अठ्ठ्याण्णव चादरी येत होत्या. खरं म्हणजे दोघी सगळ्यात चपळ बायका निवडल्या होत्या, सकाळच्या गारव्यात, म्हणून त्याहून कमी धरायला हवं होतं. कागद वर गेले आणि परत आले. साहेब म्हणाले, "गिऱ्हाइकाला शंभरच्या वर हवंय. बघ काय करता येतं." मी बावीस खोडलं आणि अकरा केलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. एकशे आठ आले. त्यानंतर पंधरा दिवसांनी माझी बढती झाली.

तेव्हा ते तुझं होतं हे मला माहीत नव्हतं. पण तुझं मार्चचं पत्र उघडलं, एकशे आठ वाचलं आणि मला कळलं. तेव्हा एक एप्रिलला तीन आठवडे बाकी होते. मी साहेबांकडे जाऊन म्हणू शकलो असतो की चूक झाली, पुन्हा करतो. मी तुला रबरी तळाचे बूट घाल म्हणून लिहिलं.

मी डिप्लोमाला होतो तेव्हा तू दोन पाळ्या करायचीस. मला वाटायचं, मी त्यातून बाहेर पडलो. टेबलावर बसून माणूस बाहेर पडत नाही, फक्त दिसेनासा होतो, हे आता कळतंय. केंद्र चारमध्ये कोण उभं आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सोबत दोन कागद आहेत. पहिल्यावर बावीस खोडून अकरा केलेलं आहे, अक्षर माझं आहे. दुसऱ्यावर मी घडलेलं सगळं लिहून सही केली आहे. चौकशीत दे. माझं काय होईल याचा विचार करू नकोस. तू खूप वर्षं तोच विचार केलास.

धाकटा


२४ मे

पत्र मिळालं. कागद मिळाले.

आज काही लिहीत नाही. आईचं ऑपरेशन मंगळवारी आहे, तिला फोन कर.

ताई


१९ जून

ती. ताईस,

तुझं पत्र नाही. चौकशी अकराला आहे असं आई फोनवर म्हणाली होती, ती झाली असणार. कागद दिलेस हे मला इकडे कळलं, कारण तेरा तारखेला साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझ्या त्याच कागदाची नक्कल होती. ते चिडले नाहीत. म्हणाले, "माझ्याशी बोलायचं होतंस." मी म्हटलं, "बोललो असतो तर काय झालं असतं?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "काही नाही." मग मी टेबल आवरलं.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता ताईंना फोन करा." मी फोन हातात घेऊन बसतो आणि ठेवून देतो.

एका गोदामात नोंदी ठेवायचं काम मिळतंय. पगार अर्धा आहे. आता कुणाचं काम मोजायचं नाही एवढंच पाहिलं.

तू रागावली असशील तर ते बरोबरच आहे. पण लिही. चार ओळी लिही.

धाकटा


६ जुलै

धाकट्या,

रागावले होते. आठ दिवस इतकी रागावले होते की भांडी घासताना आई म्हणाली, "भांड्यांनी काय केलंय तुझं?" पण लिहिलं नाही ते रागामुळे नाही. माझंही एक सांगायचं होतं आणि ते आधी चौकशीत सांगायचं होतं.

दांडी मी बांधली.

एप्रिलच्या दहा तारखेला. फाटक्या चादरीची पट्टी काढली, शिडीच्या बाजूला वाकले आणि दोन गाठी मारल्या. मशीन थांबायचं बंद झालं आणि आम्ही त्या दिवशी एकशे नऊ काढल्या. शिडीचा भत्ता जाऊ नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. माझाही जाऊ नये म्हणून केलं. अपघातानंतर कंपनीने तिच्यावर ढकललं आणि मी तोंड मिटून बसले. तुला लिहिलं, कुणी बांधली ते कोण सांगणार. मी सांगणार, दुसरं कोण? तुझं ते पत्र आलं आणि वाटलं, हा एवढा भित्रा पोरगा, पावसात एकटा शाळेत जायचा नाही, यानेसुद्धा लिहून सही केली.

अकराला मी उभी राहिले. अधिकारी बाई होत्या, दमलेल्या, त्यांच्यापुढे फायलींचा ढीग. मी सांगितलं, "दांडी मी बांधली. तिने नाही." कंपनीच्या वकिलाचा चेहरा खुलला. मग मी तुझे कागद पुढे ठेवले. बाईंनी ते बराच वेळ वाचले. वकिलाला विचारलं, "बांधली नसती तर किती चादरी निघाल्या असत्या?" तो म्हणाला, ते आत्ता सांगता येणार नाही. मुकादमीण मागून म्हणाली, "चौऱ्याण्णव. मी रोज लिहिते." ती कंपनीकडून आली होती, बरं का. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मला काढलं. सुरक्षेचा नियम मोडला, ते खरंच आहे. मग सगळ्या बायका अंगणात येऊन बसल्या. घोषणा वगैरे काही नाही, एवढ्या दमलेल्या असतात की बसायला मिळालं तर त्यातल्या काही झोपल्यासुद्धा. आत ओल्या चादरींना वास सुटला. दवाखान्यांचे फोन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी कंपनी बोलायला आली. आकडा पंच्याण्णव, दोन तासांनी दहा मिनिटं बसणं, नव्या दांड्या, कापलेला तुकडा पगारात परत. पगार वाढवला, मागितला होता तेवढा नाही. एकेचाळीसपैकी दहा-बारा जणींची दुसरी नोकरी सुटेल कदाचित, बाकीच्या जातच राहतील. शिडीचा सगळा उपचार कंपनी करणार, घरी आहे तोवर पगार देणार, आणि नंतर तिला मोजणीच्या खोलीत बसून काम. मला परत घ्या, ही अट बायका सोडत नव्हत्या. मीच जाऊन सांगितलं, सोडा. माझ्यासाठी चौसष्ट घरं किती दिवस अडवून ठेवायची? सांगताना बरं वाटलं असं समजू नकोस. घरी येऊन बूट काढले आणि ते कुठे ठेवायचे तेच कळेना.

समोरच्या शिंपिणीकडे काजं-बटणं करायला जाते. खुर्चीवर बसून काम करायचं, याची सवय नाही. पाठ दुखते.

आईचा डोळा छान झाला. पट्टी काढल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढी म्हातारी कधी झालीस?" तुझं पत्र तिने स्वतः वाचलं. मी दिलं नव्हतं, तिने शोधलं. संध्याकाळी म्हणाली, "दोघंही माझीच."

चौकशीनंतर शिडीकडे गेले होते. पायऱ्या चढताना ठरवलं होतं काय काय बोलायचं ते. तिने दार उघडलं डाव्या हाताने. मी म्हटलं, "शिडी, मी तुला आधी सांगायला हवं होतं." ती म्हणाली, "काय सांगायचं? तू बांधत होतीस तेव्हा मी बघत होते. मी पट्टीचं टोक धरलं होतं, आठवत नाही?" मला खरंच आठवत नव्हतं. मग तिने चहा केला, एका हाताने, आणि मी उठून मदत करायला लागले तर "बस" म्हणाली. आम्ही बराच वेळ बसलो. रोलरचा आवाज नव्हता, त्यामुळे काय बोलायचं असतं ते दोघींनाही सुचेना.

तुझं तिला सगळं सांगितलंय. माझ्यावर ती रागावली नाही, तुझ्यावर आहे. म्हणाली, "त्याने आम्हाला एकदा बघायला तरी यायचं." तो राग तिच्या हक्काचा आहे, मी तो उतरवायला जाणार नाही आणि तुझी बाजूही मांडणार नाही.

गोदामात रुजू होण्याआधी इकडे ये. गाडीतून उतरलास की घरी येऊ नकोस. आधी तिच्याकडे जा, चौथा मजला, डावीकडचं दार. ती जे बोलेल ते उभं राहून ऐक. मग घरी ये, जेवायला थांबते.

ताई